सरांचा डावा हात

माझा जन्म बडोद्याचाच. आजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार, वडील एका गिरणीत वॉचमन, आणि मी, काय सांगू तुम्हाला, मी मेडिकल कॉलेजात मढी सांभाळतो. असं सरळ सांगितलं की समोरचा माणूस चहाचा कप जरा लांब धरतो. म्हणून लग्नकार्यात कुणी विचारलं तर कॉलेजात सर्व्हिस, बस. पुढचं तर मी बायकोलासुद्धा मागच्या वर्षीच सांगितलं. तुम्ही लिहून घेताय तर घ्या, पण मध्ये थांबवू नका, एकदा थांबलो तर मी परत सुरू करणार नाही.

मराठी शाळेत आम्हाला दामले सर जीवशास्त्र शिकवायचे. फळ्यावर कमी, अंगावर जास्त. मनगट धरा, अंगठ्याने नाही रे, अंगठ्याला स्वतःची नाडी असते, दोन बोटं ठेवा आणि मोजा. मग तीनदा जिना वरखाली पळवायचे आणि म्हणायचे, आता मोजा. आम्ही धापा टाकत आकडे सांगायचो, आणि सर म्हणायचे, बघा, तुम्ही काही बोलला नाहीत तरी हृदयाला कळलं की पायांना जास्त रक्त हवंय. मला ते सगळं कळायचं हो, हाताला कळायचं, पण पेपरात उतरायचं नाही. दहावीला दोनदा बसलो. सर म्हणाले, दिगू, तुझा मेंदू उत्तम आहे, अजिबात वापरलेला नाही, कोरा करकरीत आहे.

मग छाणीला एका वर्कशॉपमध्ये लागलो. नव्वदनंतर बाहेरचा तयार माल स्वस्तात यायला लागला आणि आमच्या मालकाने शटर ओढलं. त्याच सुमाराला हायवेच्या कडेला नवं खाजगी कॉलेज निघालं, शरीररचनेच्या विभागात माणूस हवा होता, आणि कुणी टिकत नव्हतं. मी सरांना विचारायला इथेच बडोद्यात, अकोट्याला त्यांच्या घरी गेलो. सर म्हणाले, जा की, तिथे पुस्तक उघडं ठेवलेलं असतं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, घरी गेल्यावर आधी आंघोळ करत जा म्हणजे झालं.

काम विभागातल्या जुन्या रमणभाईने शिकवलं. देह आला की जांघेत चीर देऊन धमनी शोधायची, नळी बसवायची, आणि वर टांगलेल्या टाकीतून फॉर्मॅलिनचं पाणी हळूहळू आत सोडायचं. नुसतं सोडून भागत नाही. हात चोळायचे, पाय चोळायचे, एकेक बोट दाबायचं, तेव्हा ते टोकापर्यंत जातं. हृदय बंद असतं ना, मग त्याचं काम आपल्या हातांनी करायचं. आणि हे सगळं वेळेत, उन्हाळ्यात तर फारच घाईने. रमणभाई म्हणायचा, दिगुभाई, शरम राखशो तो काम बगडशे. लाज धरलीस तर काम बिघडेल.

सरांना मूलबाळ नव्हतं. रिटायर झाल्यावर त्यांनी देहदानाचा फॉर्म भरला, साक्षीदार म्हणून सही माझी. त्यांचा डावा हात लहानपणी मोडला होता आणि हाडवैद्याने वाकडा बसवला होता, मनगटाशी काट्याचमच्यातल्या काट्यासारखा बाक. तो पुढे करून म्हणायचे, दिगू, हा मुलांना दाखवायचा, हाड स्वतःहून कसं जुळतं आणि माणसाने घाई केली की कसं जुळतं, दोन्ही यात आहे. आणि मला तूच नीट ठेव, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस. मी हो म्हटलं.

मे महिन्यात सकाळी काकूंचा फोन आला. मी गाडी घेऊन गेलो. सरांची बहीण दारात उभी, म्हणत होती, माझ्या भावाला अग्नीसुद्धा देत नाही ही. काकू मला म्हणाल्या, ने बाबा.

रमणभाई गावी लग्नाला गेला होता, विभागाच्या मॅडम संध्याकाळी यायच्या होत्या. हॉलमध्ये मी आणि सर. मी आधी त्यांच्या पाया पडलो. तिथेच चुकलं माझं. पायांवर डोकं ठेवलं आणि ते सर झाले, देह राहिलेच नाहीत. कशीबशी चीर दिली, नळी घातली, टाकी सोडली, आणि मग हात चोळायला हवे होते तर मला सरांना हात लावता येईना. चेहऱ्यावर चादर ओढली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. दुपारभर बसलो. उठायचो, दारापर्यंत जायचो, परत बसायचो. संध्याकाळी आत गेलो तर नळी निसटलेली, टाकी रिकामी, सगळं पाणी फरशीवर. मी फरशी पुसली, पुन्हा नळी घातली, आणि मॅडम आल्यावर सांगितलं, झालं नीट.

चार दिवसांत वास सुटला आणि सगळ्यांना कळलं नीट झालं नाही, देह मुलांना देण्यासारखा राहिला नाही. मॅडमनी कुणाला दोष दिला नाही, म्हणाल्या, होतं असं, घरच्यांना कळवायला हवं. मी म्हटलं मी सांगतो, माझ्याच घरचे आहेत. स्मशानात मीच अग्नी दिला. अस्थी चांदोदला नर्मदेत सोडल्या. तिथून थेट अकोट्याला गेलो, सांगायलाच गेलो होतो. काकूंनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य, मुलांना मिळाले का रे सर? मी म्हटलं, मिळाले.

मग दरवर्षी. सरांच्या तिथीला काकू शंकरपाळ्यांचा डबा द्यायच्या, मुलांसाठी. मुलं खायची, विचारायची अंकल कोणाचा बर्थडे. मी परत जाऊन सांगायचो, हात पाहिला मुलांनी, एक मुलगी तर वहीत काढून घेत होती. बघा, किती रंगवायचो. काकूंनी विचारलं, देह किती टिकतो? मी म्हटलं दोनेक वर्षं, पण हाडं ठेवतात, सर कपाटात आहेत. एक खोटं बोललं की त्याला हातपाय फुटतात. घरी जेवताना उठायचो, देवळात गेलो तर गाभाऱ्यापर्यंत जायचो नाही. बायको म्हणायची, तुमच्या पायांत काय स्प्रिंग बसवलीय का?

मागच्या वर्षी काकूंनी ऐंशी पूर्ण केली आणि म्हणाल्या, दिगू, एकदा मला तो हात दाखव. उद्या रिक्षा करून येते.

तुमच्यापासून काय लपवू. मी दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन हाडांची खोकी उपसली. अंगठ्याच्या बाजूचं, डाव्या हाताचं, मोडून वाकडं जुळलेलं हाड शोधत बसलो, आणि मिळालं हो. कुणाचं कोण जाणे. फडक्यात गुंडाळलं, टेबलावर ठेवलं. काकू जिना चढून आल्या, दोन्ही गुडघे धरत, मध्ये चारदा थांबत. खुर्चीवर बसल्या, पदराने हात पुसले, आणि दोन्ही हात पुढे केले, प्रसाद घेतात तसे. मी फडकं उचललं आणि माझ्याच्याने ते त्यांच्या हातात ठेववेना. म्हटलं, काकू, हे सरांचं नाही. आणि मग सगळं सांगितलं, पायरीपासून फरशीपर्यंत, एका दमात.

काकूंनी पुढे केलेले हात पदराखाली घेतले. मग म्हणाल्या, अग्नी कुणी दिला? मी म्हटलं मी. अस्थी? चांदोदला. म्हणाल्या, इतकी वर्षं माझी नणंद मला टोचतेय, आणि तू ते खिशात घेऊन फिरत होतास. मी मान खाली घातली. मला वाटलं, निदान अग्नी मिळाला याचं त्यांना बरं वाटेल. तर म्हणाल्या, त्यांना नको होता रे अग्नी. त्यांना वर्ग हवा होता.

 उठताना त्यांनी माझा खांदा धरला, जोरात धरला, आणि म्हणाल्या, माझा फॉर्म आण. माझे हात सरळ आहेत, पण गुडघे दोन्ही गेलेत, ते दाखव मुलांना. आणि दिगू, या वेळी पाया पडू नकोस. काम कर.

फॉर्म भरला. साक्षीदार मी. तेव्हापासून मी बडोदं सोडून कुठे गेलो नाही. भाचीचं लग्न सुरतेला होतं, नाही गेलो. रिटायर व्हायला दीड वर्ष आहे. फोन वाजला की हातातलं टाकून धावतो, नाही वाजला तरी उचलून बघतो. नव्या पोराला शिकवतो, हात असे चोळ, बोटं अशी दाब, आणि शिकवतानाच वाटतं, नाही, हे मीच करणार. मग घरी येताना वाट वाकडी करून अकोट्याला जातो. काकू म्हणतात, आलास बघायला, म्हातारी अजून आहे का ते? बस, चहा टाकते. मी म्हणतो, शंभर वर्षं जगा काकू. मनापासून म्हणतो. आणि कप हातात घेतल्यावर नजर त्यांच्या गुडघ्यांकडे जाते.