फ्लेक्सवरची बाई

(कोल्हापुरातली मंडई. मेहरुन्निसा बांगड्यांची पेटी घेऊन बसली आहे. शेजारची भाजीची जागा रिकामी, वर गोणपाट अंथरलेलं.)

मेहरुन्निसा : सरक बाजूला, पोरी. गोणपाटावर पाय नगं. बेबीची जागा हाय ती.

क्रांती : मावशी, मी बेबीचीच मुलगी. क्रांती.

मेहरुन्निसा : अगंबाई! तुझ्या लग्नात बघितलेली, वळखलीच न्हाय. बस की मग, आईचीच जागा तुझ्या. कुठाय ती? कवाधरनं वाट बघायलोय. त्यो कोथिंबीरवाला रोज टोपली हिकडं सरकवतोय, मी रोज भांडतोय. फोन लावला तर बंद.

क्रांती : दादानं सिम काढून टाकलं.

मेहरुन्निसा : का गं?

क्रांती : का काय? मावशी, तुम्ही आला का नाहीत, तेच विचारायला आलेय मी. राग आलाय मला तुमचा. आई दवाखान्यात सारखी विचारायची, मेहरूला सांगितलं का. आणि तुम्ही रक्षाविसर्जनालाही नाही.

मेहरुन्निसा : कुणाच्या रक्षाविसर्जनाला?

क्रांती : मावशी...

मेहरुन्निसा : कुणाच्या, क्रांती?

क्रांती : आईच्या. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? अहो, दादानं एवढा मोठा फ्लेक्स लावलाय मंडईत. हा काय, तुमच्या डोक्यावर.

मेहरुन्निसा : ह्यो? ही बाई?

क्रांती : आईच आहे ती.

मेहरुन्निसा : ही बेबी? एवढी गोरी? हिरवा शालू, पुतळ्यांची माळ! अगं, बेबीच्या गळ्यात काळी पोत सोडून कधी काय बघितलं न्हाय मी.

क्रांती : स्टुडिओवाल्यानं केलं सगळं. दादा म्हणाला, निदान आता तरी आई चांगली दिसू दे.

मेहरुन्निसा : हिच्या सावलीला बसून धंदा केला की गं मी. बांगड्या भरता भरता गिऱ्हाइकाला म्हणलं सुदीक, कुणा मोठ्या घरची बाई गेली बघ, सवाष्ण गेली, नशीब काढलं.

क्रांती : नाव तरी वाचलं असेल ना?

मेहरुन्निसा : वाचलं की. सौ. मैनावती पिराजी चौगुले. आता मैनावती कोण, मला काय ठावं? नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं न्हाय. 'आमचं मालक', बास. आन् खाली गडमुडशिंगी लिवलंय म्हणशील, तर निम्मी मंडई त्याच गावची.

क्रांती : मी दादाला म्हटलं होतं, बेबी टाक. तर म्हणाला, मयताच्या फ्लेक्सवर बेबी? लोक हसतील. घरात नातवंडंही हसायचीच. सत्तरीची बेबी म्हणून.

मेहरुन्निसा : हसू देत. तवा घरटी एक बेबी व्हती. पन्हाळ्याची बेबी एकटीनं खानावळ चालवायची, दारुड्यास्नी उलथनं घिऊन पळवायची. शाहूपुरीतली नर्स बेबी, निम्म्या गल्लीचं बाळंतपण तिच्या हातचं. त्यांस्नी हसायची कुणाची टाप व्हती?

क्रांती : आईला आवडायचं का हो ते नाव?

मेहरुन्निसा : एकदा म्हणली, घरात मी कुणाची सासू, कुणाची आजी, कुणाची म्हातारी. हितं येऊन टोपली टेकली की बेबी. घरला जाऊ वाटत न्हाय बघ, म्हणली. मी म्हणलं, मग ऱ्हा की हितंच. दोघी हसलो.

क्रांती : आम्हाला हे कधी बोलली नाही.

मेहरुन्निसा : शेवटी काय बोलली गं?

क्रांती : बोलता येत नव्हतं नीट. दार वाजलं की मान वळवायची. तुम्ही आलात का बघायला.

मेहरुन्निसा : आन् मी हितं तिची जागा राखत भांडत बसलो.

क्रांती : चुकलं आमचं. मी स्वतः यायला पाहिजे होतं, मावशी.

तानाबाई : (रोजची गिऱ्हाईक, पिशवी घेऊन येत) ओ बांगडीवाली! बेबी आजबी न्हाय व्हय? मेथी पायजे व्हती की.

मेहरुन्निसा : न्हाय, तानाबाई. पोरीकडं गेल्या ती.

क्रांती : मावशी, असं काय? सांगून टाका ना त्यांना.

मेहरुन्निसा : सांगतो की. उद्या सांगतो. मला आत्ताच कळलंय.