बोरीची जीप भरेपर्यंत

आता सांगा, जग बुडून राह्यलं, मानसं मानसाले खाऊन राह्यले, अन् हा लालसिंग डायवर बोनेटवर बसून तंबाखू मळते... म्हणते, "गाडी भरल्याबिगर हालत नाई." इकडे दारव्ह्याच्या स्टँडवर आमच्या शेजारच्या उकंडाचा जीव टांगणीले! काहून? त्याची बायको नंदाबाई बोरीले एकटी, अन् सरकारनं भोंग्यावर सांगतलं, आज बोरीले रोगाच्या सुईचा कॅम्प. अन् काल दारव्ह्यात ज्यानं ज्यानं ते सुई घेतली, तो मेला, मंग उठला अन् घरच्याइलेच चावला... उकंडानं सोताच्या डोयानं पाह्यलं.

सरकार काय म्हणते? अफवा! आता तुमाले सांगतो, अफवेनं मांगच्या सीटवर बसलेल्या रामरावचा हात खांद्यातून उपटला. उकंडानं चाक खोलायची टामी घेतली अन् त्या अफवेचं डोस्कं फोडलं, भेजा सारा काचेवर... पन रामराव गेला बिचारा. लालसिंग काय म्हणते? "एक सीट कमी झाली. गाडी भरल्याबिगर हालत नाई."

उकंडा पाया पडला त्याच्या. "लालसिंगभाऊ, माही नंदा मरते हो, काढ ना गाडी." तेवढ्यात समोर एक साहेब येऊन बसला. पांढरा बुशकोट, मांडीवर सुयांचा बर्फाचा डबा, त्याचा सरकारी डायवर त्या उठलेल्याइनं रस्त्यातच खाऊन टाकलेला. फोनवर हळूच बोलते, "दारव्हा झालं, सर. आता बोरी. संध्याकाळपर्यंत गाव रिकामं होतं, मग जमीन मोजायला माणसं पाठवा."

आयकलं उकंडानं! आतापर्यंत काढ-काढ करे, अन् आता म्हणते, "काई घाई नाई भाऊ, भरू दे आरामात."

साहेब वरडला, "स्पेशल करा गाडी, सगळ्या सीटांचे पैसे देतो! चला!" अन् हा लालसिंग, जो रामरावसाठी हालला नाई, त्यानं चावी लावली की हो... मंग उकंडानं काय करावं? साहेबाच्या बाजूचं दार उघडलं. बाहीर चार-पाच उभेच होते दात काढून. साहेबाचे आतडे पार रसवंतीपर्यंत ओढत नेले, अन् उकंडा म्हणते, "घाबरू नका साहेब, अफवा हाय." डबा खाली टाकून टामीनं चुरा केला, अन् मंग ढसाढसा रडला. वाचली त्याची नंदा.

पन जावंच लागते ना तिच्यापाशी? तवापासून आमी सारे गाडीतच बसून हावो. उकंडा खिडकीतून टामी चालवते, लालसिंग हाका मारते, बोरी-बोरी-बोरी... दोन सीटा कमी हाय. तुमी तिकडे जात असान तं या बाप्पा. चावलेले असान तरी चालते म्हणते लालसिंग, त्याले सीट भरल्याशी मतलब.