बाबांचा आवाज आणि हरवलेला मेन्यू

अरे, लॅपटॉपला घाबरणं काय असतं ते मला विचार. घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज कायमचा गेला. त्यांच्या आवाजाची आधीची रेकॉर्डिंग्ज फक्त माझ्या लॅपटॉपवर, विंडोजशेजारी टाकलेल्या लिनक्स या दुसऱ्या सिस्टिममध्ये होती. एका अपडेटनंतर लिनक्स निवडायचा मेन्यूच येईना, थेट विंडोज सुरू व्हायचं. जुईनगरचा दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल, सगळं पुसलं जाईल."

मित्राला फोन लावला. तो ओरडला, "काहीही पुसू नको! बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये जा, बूट ऑर्डरमध्ये, आधी काय सुरू व्हायचं त्या यादीत, लिनक्स वर घे."

त्याने सांगितलं तसं करून एंटर दाबलं. स्क्रीन काळी झाली. शेजारी बाबा स्क्रीनकडे बघत बसलेले.

मेन्यू आला! रेकॉर्डिंग लावलं.

"अगो, चाय ठेवलीस का?"

किचनमधून आई सवयीने ओरडली, "ठेवली, ठेवली!"

आणि मग हातातला चमचा तसाच घेऊन धावत दारात आली, बाबांकडे बघत.