मांजरांची सद्यस्थितीतील संख्या

विषय : सोनागिरी येथील आमच्या सोसायटीच्या आवारातल्या मांजरांची नसबंदी करण्याबाबत. संदर्भ : माझाच मागील अर्ज, जो ‘संख्या जुळत नाही’ म्हणून परत आला. आता तुम्हीच सांगा, जुळणार कशी? मंजूर पदं चार म्हणजे चारच राहायला मांजरं काय आस्थापनेवर आहेत?

तुम्हाला सांगतो, मला मांजरं आवडत नाहीत. आवडतात आमच्या हिला, सुलभाला. ठमी नावाची पांढरी मांजर दाराशी रोज साईचं दूध पिते, आणि मला डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून पाण्यासारखं. बाकीची तीन ठमीच्या ओळखीनं आलेली. तर आमचे सेक्रेटरी दुबेजी मीटिंगमध्ये म्हणाले, “देखिए, एक ही इलाज है. सबको बोरे में भरो और डैम के उस पार छोड़ आओ.” सुलभा घरी आली ती जेवलीच नाही. “ठमीला पोत्यात घालणार? जन्मभर सरकारात होतात ना, मग करा काहीतरी.” सरकारात होतो म्हणजे काय करणार... अर्ज करणार.

पण आमची नात शमिका, इंजिनिअरिंगला आहे, ती म्हणाली, “आजोबा, दुबे अंकल का प्लॅन तो वैसे भी फेल है. रिकरन्स रिलेशन, म्हणजे आजच्या आकड्यावरून पुढचा काढायचं सूत्र, मांडून बघा ना.” म्हटलं, मांड बाई. म्हणाली, “आत्ता जेवढी आहेत त्यांत निम्म्या माद्या. एकेकीची दोन पिल्लं जगली, की सहा महिन्यांत दुप्पट. वर बाहेरून भटकत येणारी तीन. म्हणजे पुढची संख्या किती? आत्ताची गुणिले दोन, अधिक तीन. बस.”

एका ओळीत हो, अख्खं एका ओळीत! मी आयुष्यभर पानंच्या पानं टिपणं लिहिली, आणि शेवटी ‘योग्य त्या आदेशार्थ सादर’ याच्या पुढे गाडी गेली नाही. इथे चार घाला, अकरा येतात. अकरा घाला, पंचवीस. पंचवीस घाला, त्रेपन्न... मी तिचा हात धरला, म्हटलं थांब, मला पाणी दे.

आणि दुबेजींचं पोतं? “सगळी नेली समजा,” शमिका म्हणाली, “शून्य दुणे शून्य, अधिक तीन. मग नऊ, मग एकवीस. मांजरं नेऊन काय होणार, तो दोन बदलायला हवा. नसबंदी केली की पिल्लं नाहीत, काही मरतात, काही निघून जातात, दोनाच्या जागी अर्धा येतो. मग चारनं सुरू करा की चाळीसनं, सहाच्या आसपास येऊन बसतात.” मी चाळीस घालून बघितलं. तेवीस आले, मग साडेचौदा. अर्ध्या मांजराकडे मी दुर्लक्ष केलं, पण संख्या निमूट सहाकडे चालली होती, कोणीही आदेश न देता! एका ओळीत हो, अख्खं एका ओळीत.

मीटिंगमध्ये हे सांगितलं. दुबेजी कागद मला परत देत म्हणाले, “बाबूजी, ये तो गणित हो गया, इसमें हम क्या बोलें.” ठराव झाला : अर्जाचा निकाल लागेपर्यंत मांजरांना कोणी हात लावायचा नाही.

मी महापालिकेत अर्ज केला. ‘सद्यस्थितीतील संख्या’ या रकान्यात चार लिहिले. सहा महिन्यांनी तपासणीला साहेब आले, जिन्याखाली, गाड्यांखाली वाकून वाकून मोजलं. अकरा. बरोब्बर अकरा! माझ्या अंगावर काटा आला, आणि ते तोंड वाकडं करून लिहितायत, “संख्या में अंतर है, पुनः आवेदन करें.” अहो, अंतर नाही ते, चमत्कार आहे... पण कोणाला सांगता?

आता नव्या अर्जात काय लिहू? अकरा लिहिले तर ते येईपर्यंत पंचवीस. सुलभा म्हणते, “मग पंचवीसच लिहा.” आज नसलेली चौदा मांजरं मी माझ्या सहीनं दाखवू? नोकरीत कधी केलं नाही, ते आता ठमीसाठी करू? मग मी रकान्यात सूत्रच लिहून दिलं.

खिडकीवरचा बाबू म्हणाला, “अंकलजी, ये क्या है?”

“संख्या.”

“कॉलम में एक नंबर आता है.”

“बेटा, जिस दिन आओगे, उस दिन का इसी से निकाल लेना.”

त्यानं चार घालून बघितलं, अकरा घालून बघितलं, मग पेन खाली ठेवलं. “इतने में सब आ जाता है?” मी म्हटलं, हो, अख्खं एका ओळीत. तो हळूच म्हणाला, “इसे तो ऊपर भेजना पड़ेगा.”

तेव्हापासून वरच आहे. दुबेजी रोज फाटकाशी विचारतात, “बाबूजी, कुछ हुआ?” ठरावामुळे त्यांचे हात बांधलेले, म्हणून मी काही दिवस खुश होतो. काल ठमी माझ्या खुर्चीखाली व्याली. सुलभानं मला वेताच्या बुटक्या मोड्यावर बसवलंय. अर्ज वरिष्ठांकडे प्रलंबित आहे.