चोवीस बादल्या महोगनी

...आणि वर म्हणतात, "दार उघडू नकोस!" माझ्याच परसातली खोली, आणि मीच दार उघडायचं नाही! तुम्हाला सांगते, बावीस वर्षं झाली लग्नाला, माझ्या तापाची कधी एवढी काळजी नाही केली या माणसाने, जेवढी त्या फळ्यांची!

पण ह्यांचा तरी काय दोष? आमचे हे, सरपान, जेपारा गावातले नावाजलेले लाकडाचे कारागीर. मशिदीतलं मिंबर, म्हणजे प्रवचनाचा उंच चौथरा, ह्यांनीच घडवलं, उन्हात वाळवलेलं लाकूड, काय वेल, काय फुलं! मग मशिदीत आला एसी. कोरडी गार हवा, लाकडातला उरलासुरला ओलावा ओढणारी... आणि एका शुक्रवारी आमचे मौलवी, कियाई मुस्तामिर, मिंबरावर उभे, आवाज चढलेला, "कयामतीच्या दिवशी पृथ्वी दुभंगेल—" आणि कडाड्! मिंबर वरपासून खालपर्यंत उललं! भोंग्यावरून गावभर ऐकू आलं हो! माझ्या हातातली पळी पडली, शेजारची सुमियाती तर रडतच आली, "ताई, माफ करा, तुमची कोंबडी मीच कापली होती!"

मग काय, जो तो हसतोय! "सरपान, तुझं लाकूडच प्रवचन करतं रे!" महिनाभर हे घराबाहेर पडले नाहीत. जेवण नाही... पटाशीला हात नाही.

अशात सासूबाईंचं महोगनीचं झाड वादळात आडवं झालं. ह्यांनी फळ्या पाडून आणल्या, खोलीला आतून थर्मोकोल लावला, पट्ट्या घालून फळ्या रचल्या, एक पंखा, आणि हवेतला ओलावा ओढणारं एक मशीन. त्याची नळी भिंतीतून बाहेर, नळीखाली बादली. माझी! धुण्याची! "ईदच्या आत वाळायला हवं," म्हणाले, "पण घाई केली की तडकतं. आणि पुन्हा तडकलं ना..." आणि दार घट्ट लावून घेतलं, बाहेरची दमट हवा आत नको म्हणून.

मी म्हटलं, एवढ्याशा पेटीने काय होणार? आणि टप्. टप्. संध्याकाळी बघते तर बादली गच्च! दुसऱ्या दिवशी पुन्हा गच्च! मेलेल्या झाडातून इतकं पाणी? कुठे होतं हो ते? हात लावला तर फळी कोरडी वाटत होती!

रोज कियाई यायचे, "वाळलं का?" तिकडे बिचारे प्लास्टिकच्या स्टुलावर उभे राहून प्रवचन देत होते! हे फळीचा एक तुकडा वजनकाट्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "अजून घटतंय वजन." दहा बादल्या... पंधरा... मेलेल्या झाडातून इतकं पाणी! मी रोज बादली उचलून शेरडांच्या गोठ्यात ओतायची, तोंडाने कुरकुर, पण खरं सांगू? मनात यायचं, यातला माझ्या लग्नाच्या वर्षीचा पाऊस कुठला?

सासूबाईंनी तर नळीपाशी पाटच टाकला. एकदा थेंब तळहातावर घेतला आणि म्हणाल्या, "अगं, सरपान पोटात होता तेव्हा मी या झाडाला विहिरीचं पाणी घालायची. बघ, जपून ठेवलं होतं हो त्याने." मी त्यांच्या शेजारी दुसरा पाट टाकला.

चोविसावी बादली अर्ध्यावर थांबली. हे रात्रंदिवस कोरत बसले, आणि ईदच्या सकाळी नवं मिंबर एसीखाली. सगळं गाव कान लावून! प्रवचनाला नाही हो, लाकडाला! कियाई एकेक शब्द जपून टाकतायत, हे पहिल्या रांगेत डोळे मिटून... पाच मिनिटं... वीस मिनिटं... चूं नाही! बाहेर आल्यावर कियाईंनी ह्यांना मिठीच मारली. आणि हे ढसाढसा रडले, तुम्हाला सांगते, मेलेल्या झाडातून इतकं पाणी निघालं ना, त्याहूनही जास्त!

झालं! दुसऱ्या दिवशी दारात बायकांची रांग, हातात बाटल्या. "ताई, मिंबराच्या लाकडातलं ते पाणी द्या ना, घोटभर!"

म्हटलं, बायांनो, सगळं गोठ्यात ओतलं. शेरडं प्यायली.

मग सुमियाती हळूच म्हणते, "मग... दूध तरी?"

काय सांगू हिला... दोन्ही बोकड आहेत हो!