देवीच्या डोक्यावरून

जुहूच्या धावपट्टीपाशी विमानफेरीच्या तिकिटांसाठी रांग लागली होती. अनंतला कधी एकदा वर जातो असं झालं होतं आणि पुढचं जोडपं काही हलत नव्हतं.

"चल गो, नंबर इलो," त्यातला नवरा बायकोला म्हणाला.

"अवो, पण विमान जातं कुठून?"

"पाच रुपयांत कुठून जाणार? अंधेरीच्या डोंगरावरून एक घिरटी. दर्यावरची फेरी पंधराची, ती आपल्याला परवडायची नाय."

"त्या डोंगरावर गावदेवी बसलीय. तिच्या डोक्यावरून जायचं?"

"मला तोच डोंगर बघायचाय. किती उरलाय ते खालून कळत नाय."

"देवी कोपली म्हणजे?"

"अठरा वर्षं तिच्या पायाखालचा दगड फोडतोय मी. तेव्हा कोपली?"

"म्हणून तर म्हणते, आता डोक्यावरून नको. तुम्ही एकटे जा."

"एकटा नाय जायचा."

"का?"

"भीती वाटते गो."

बाईने त्याच्या पायांकडे पाहिलं.

"मग वहाणा काढा."

"अगो, विमान आहे ते, देऊळ नाय!"

"काढा म्हणते ना!"

दोघांच्या वहाणा कुंपणाशी शेजारी शेजारी लागल्या. रांग पुढे सरकली. अनंत चरफडत खाली वाकला आणि बुटांचे बंद सोडू लागला.