गाडीच्या खालचा आवाज

हा किस्सा हसायचा न्हाई, आधीच सांगतो. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत बस बंद होत्या, तवा ताडकळसजवळच्या आमच्या गावात चालती गाडी म्हणजे माझी जुनी फोर-व्हील पिकअप. पंधरा दिवसांपासून क्लच सोडला की खालून खटकन आवाज यायचा. स्प्रिंगच्या पाट्याचा बोल्ट ढिला असंल म्हणून मी तो आवळला आणि गाडी तशीच चालवली.

त्यात शेजारच्या दत्तूच्या बायकोला कळा सुरू झाल्या. तिला मागं गादीवर निजवलं, दत्तू तिच्यापाशी बसला आणि आमी पूर्णेच्या दवाखान्याकडं निघालो. अर्ध्या वाटेत खाली धाडकन वाजलं. इंजिनाकडून चाकाकडं जाणारा शाफ्ट एका टोकाला सुटून मातीत रुतला आणि गाडी जागीच अडकली. बैलगाडी मिळेपर्यंत दोन तास गेले. बाई वाचली, लेकरू न्हाई वाचलं.

तिसऱ्या दिवशी पूर्णेचा मिस्तरी आला आणि गाडीखाली शिरला.

"शाफ्टच्या टोकाचा सांधा, क्रॉस, तुटलाय," तो खालूनच म्हणाला. "शाफ्ट नुसता हातानं हलवून बघितला असता तरी कळलं असतं. आवाज कधीपासून येत होता?"

दत्तू शेजारीच उभा होता. रोज शेतावर तो माझ्याच गाडीतून यायचा, आवाज त्यानंबी ऐकलेला.

"त्याच दिवशी सुरू झाला, मिस्तरी," दत्तू म्हणाला आणि घराकडं चालायला लागला.

माझ्या गाडीत तो पुन्हा कधी बसला न्हाई.